एथेलरेड खरंच 'अनरेडी' होता का? निकाल कळल्यावर लिहिलेला पुरावा वाचताना



गेल्या महिन्यात मी माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणातलं एक वाक्य खोडलं. वाक्य साधंच होतं : 'या प्रकल्पाच्या आधीच्या टप्प्यातील नमुने सुरुवातीपासूनच सदोष असल्याने ते विचारात घेतलेले नाहीत.' हे नमुने माझ्या एका सिनिअरने बनवलेले. ती दोन वर्षं काम करून पीएचडी सोडून गेली. लॅबमध्ये तिचा विषय निघाला की सगळे एकच सांगतात, 'तिला जमलंच नाही गं.' मी तेच ऐकत आले आणि तेच शुद्ध भाषेत लिहून टाकलं.

हे वाक्य मला खोडायला लावलं ते हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या एका राजाने. हसू नका, सांगते. आमच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन पद्धतीच्या पेपरला एक असाइनमेंट होती : आपल्या विषयाबाहेरचा एखादा मूळ स्रोत घ्या आणि त्याची चिकित्सा करा. मी केमिस्ट्रीवाली, इतिहास दहावीनंतर सुटलेला. मी घेतला 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' या जुन्या इंग्रजी वर्षवृत्तातला राजा दुसरा एथेलरेड याच्या कारकिर्दीचा भाग. तेव्हा मार्क मिळाले आणि विषय संपला. गेल्या महिन्यात एका ज्युनिअरने नमुना म्हणून ती फाइल मागितली, म्हणून पुन्हा वाचली, आणि माझं स्वतःचंच वाक्य डोळ्यांपुढे आलं. तीच चिकित्सा आज इथे नव्याने मांडते आहे.

आधी राजाची गोष्ट, थोडक्यात

९७८ मध्ये एथेलरेडचा सावत्रभाऊ राजा एडवर्ड याचा कॉर्फ इथे खून झाला आणि दहा-बारा वर्षांचा एथेलरेड गादीवर आला. ९८० पासून व्हायकिंगांचे हल्ले पुन्हा सुरू झाले. ९९१ मध्ये माल्डनच्या लढाईत एसेक्सचा सरदार बिर्ख्टनॉथ मारला गेला आणि त्याच वर्षी हल्लेखोरांना १०,००० पौंड खंडणी दिली गेली. पुढे आकडे चढतच गेले : ९९४ मध्ये १६,०००, १००२ मध्ये २४,०००, १००७ मध्ये ३६,०००. १०१३ मध्ये डेन्मार्कचा राजा स्वेन याने इंग्लंड जिंकलं आणि एथेलरेड नॉर्मंडीला, बायकोच्या माहेरी पळाला. फेब्रुवारी १०१४ मध्ये स्वेन अचानक मेला, तेव्हा इंग्रज सरदारांनी एथेलरेडला 'यापुढे नीट राज्य करणार असशील तर ये' अशी अट घालून परत बोलावलं. २३ एप्रिल १०१६ ला तो लंडनमध्ये वारला. त्याच वर्षाच्या अखेरीस स्वेनचा मुलगा कनूट साऱ्या इंग्लंडचा राजा झाला.

म्हणजे मधले काही महिने सोडले तर जवळजवळ ३८ वर्षं. इतकी वर्षं दुसऱ्या कुठल्याही अँग्लो-सॅक्सन राजाने इंग्लंडवर राज्य केलेलं नाही. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते टोपणनाव. 'एथेल-रेड' याचा अर्थ 'उत्तम सल्ला'. त्यावर कोटी करून लोकांनी त्याला 'अन-रेड' म्हटलं, म्हणजे 'कुसल्ला'. आपल्याकडे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, तसलाच हा प्रकार. पुढे जुन्या शब्दाचा अर्थ विसरला गेला, 'अनरेड'चं 'अनरेडी' झालं आणि शाळेतल्या पोरांना 'तयारीत नसलेला राजा' असं शिकवलं जाऊ लागलं. हे टोपणनाव त्याच्या हयातीतल्या कुठल्याही कागदात सापडत नाही. ते लेखी दिसतं थेट बाराव्या शतकात, म्हणजे तो मेल्यावर दीडशेच्या वर वर्षांनी.

हे लिहिलं कोणी आणि कधी?

क्रॉनिकलच्या अनेक हस्तलिखित प्रती आहेत. अभ्यासक त्यांना 'ए', 'सी', 'डी', 'ई' अशा अक्षरांनी ओळखतात. यातल्या सी, डी आणि ई या तिन्ही प्रतींत एथेलरेडच्या काळाचा वृत्तान्त जवळजवळ सारखाच आहे. तीन प्रती म्हणजे तीन साक्षीदार असं वाटतं ना? पण तिघांचा मूळ स्रोत एकच आहे, त्यामुळे साक्षीदारही एकच. एकाच सॅम्पलवर तीन रीडिंग घेतली म्हणजे तीन सॅम्पल होत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको.

हा एक साक्षीदार लिहायला बसला तो १०१६ नंतर, म्हणजे सगळं हरून झाल्यावर. तो बहुधा लंडनचा असावा. सायमन केन्स या केंब्रिजच्या इतिहासकाराने १९७० च्या दशकाच्या शेवटी हा मुद्दा नीट मांडला आणि तेव्हापासून या राजाचा अभ्यास बदलला. वर्षवार नोंदी पाहिल्या की त्या दर वर्षी लिहिल्या असाव्यात असं आपण धरून चालतो. इथे तसं नाही. ९९१ ची नोंद करणाऱ्याला १०१६ मध्ये काय झालं ते पक्कं माहीत आहे.

आणि लेखक म्हणून हा माणूस जबरदस्त आहे, हे कबूल करायलाच हवं. कोरड्या वर्षवृत्तात टोमणा कसा मारायचा हे त्याच्याकडून शिकावं. १००३ मध्ये सैन्याचा सेनापती लढाईच्या तोंडावर आजारी असल्याचं सोंग घेतो आणि ओकाऱ्या काढतो. १००६ च्या हिवाळ्यात शत्रू समुद्रापासून पन्नास मैलांवरची लूट घेऊन विंचेस्टरच्या वेशीवरून ताठ मानेने जातो आणि शहरातले लोक नुसते बघत राहतात. १००९ मध्ये देशभरातून कर बसवून बांधलेलं मोठं आरमार सँडविचला जमतं, सरदारांत आपसात भांडण होतं, वीस जहाजं एक जण घेऊन जातो, त्याच्या पाठलागावर गेलेली ऐंशी वादळात फुटतात आणि मग जाळली जातात. एवढा खर्च पाण्यात. १०११ च्या नोंदीत तर तो सरळ म्हणतो की ही सारी संकटं कुसल्ल्यामुळे आली, आणि शब्द वापरतो तोच, 'अनरेड'. मात्र तो बोट दाखवतो ते सल्लागारांच्या धोरणाकडे. राजाला नावं ठेवण्याचं काम पुढच्यांनी केलं. बाराव्या शतकात माम्सबरीच्या विल्यमने तर बाप्तिस्म्याच्या वेळी तान्ह्या एथेलरेडने पवित्र पाणी घाण केलं आणि तोच अपशकुन ठरला, अशी कथा जोडून दिली.

पहिल्या वाचनात मी या लेखकाच्या प्रेमात पडले. वाचताना घटना एकापाठोपाठ अशा येतात की शेवटी राज्य जाणारच होतं असं वाटायला लागतं. दुसऱ्या वाचनात मला याच गोष्टीची भीती वाटली.

एकाच वर्षाच्या दोन नोंदी

नशिबाने एक तपासणी करता येते. 'ए' प्रतीत १००१ सालची एक वेगळी नोंद आहे. ती घटनेच्या जवळच्या काळात लिहिलेली आहे आणि लिहिणाऱ्याला पुढचं काही माहीत नाही. एकच वर्ष, दोन स्वतंत्र नोंदी. विज्ञानवाल्याला याहून काय हवं?

नंतरच्या लेखकाची नोंद अशी : शत्रू एक्झिटरवर आला, तिथे त्याला कडवा विरोध झाला. मग डेव्हन आणि सॉमरसेटच्या लोकांची अफाट फौज पिनहो इथे जमली आणि भिडताक्षणी मागे हटली. त्यानंतर शत्रूला कोणी अडवलंच नाही, जमिनीवर नाही की समुद्रावर नाही, आणि प्रत्येक स्वारी आधीच्यापेक्षा वाईट होत गेली.

'ए' प्रतीची नोंद अशी : शत्रू हॅम्पशरमध्ये आला तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला गाठून लढाई केली. आपले ८१ जण पडले. पडलेल्या मोठ्या माणसांची नावंही दिली आहेत. शत्रूचे त्याहून कितीतरी जास्त मेले, पण मैदान त्यांच्या ताब्यात राहिलं. मग डेव्हनमध्ये राजाच्या दोन कारभाऱ्यांनी जमेल तेवढी माणसं गोळा करून पिनहोला तोंड दिलं आणि ते हरले. शेवटी तह झाला.

दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचा. पिनहोला इंग्रज हरले यावर दोघांचं एकमत आहे. पण एकीकडे अफाट फौज आहे जी लढलीच नाही, आणि दुसरीकडे हाताशी होती तेवढी माणसं आहेत जी लढून हरली. हॅम्पशरची ८१ माणसं नंतरच्या वृत्तान्तात नाहीतच. त्या लेखकाने खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही. एक्झिटरचा विरोध त्याने नोंदवला आहे, १००४ मध्ये ईस्ट अँग्लियाचा उल्फकिटेल कसा भिडला तेही त्याने मोकळेपणाने लिहिलं आहे. कदाचित हॅम्पशरची बातमी त्याच्यापर्यंत पोचली नसेल. पण जे पोचलं त्याची मांडणी त्याने शेवट डोळ्यांपुढे ठेवून केली. 'कोणी अडवलंच नाही' हे वाक्य १००१ मध्ये कोणी लिहिलं नसतं. ते १०१६ नंतरच सुचतं.

आपल्याकडे बखर आणि अस्सल पत्र यांत फरक करायला वि. का. राजवाड्यांनी शिकवलं, तो धडा हाच. प्रसंगाच्या वेळी कामापुरता लिहिलेला कागद आणि मागाहून गोष्ट सांगण्यासाठी लिहिलेला मजकूर यांचं वजन एक नसतं.

दानपत्रं आणि नाणी

मग प्रसंगाच्या वेळचे कागद कुठले? एथेलरेडच्या नावाची शंभराहून जास्त जमिनीची दानपत्रं टिकून आहेत. प्रत्येकाखाली साक्षीदारांची यादी असते. केन्सनी १९८० च्या आपल्या पुस्तकात या याद्या वर्षवार मांडल्या आणि दरबारात कोण केव्हा होतं, कोण केव्हा गायब झालं ते पाहिलं. त्यातून ३८ वर्षांची एकच अखंड घसरण दिसत नाही, वेगवेगळे टप्पे दिसतात. आधी आई आणि विंचेस्टरचा बिशप एथेलवोल्ड यांचा वचक. ९८४ मध्ये बिशप वारल्यावर तरुण राजाभोवती नवी माणसं आणि चर्चच्या जमिनींवर हात. ९९३ मध्ये ॲबिंग्डनच्या मठाला दिलेल्या पत्रात राजा स्वतः कबुली देतो की तरुणपणाच्या अज्ञानात आणि इतरांच्या लोभापायी आपण चुकलो. त्यानंतर दहा-बारा वर्षं बऱ्यापैकी स्थिर, अनुभवी सल्लागारांची. मग १००६ मध्ये दरबारात उलथापालथ : एक सरदार मारला जातो, त्याच्या दोन मुलांचे डोळे काढले जातात, आणि वर येतो एड्रिक स्ट्रीओना, जो पुढे युद्धात बाजू बदलत राहिला.

नाण्यांची साक्षही ऐका. देशभरातल्या अनेक टांकसाळींतून एकाच छापाची चांदीची पेनी निघायची, तिच्यावर पाडणाऱ्याचं आणि गावाचं नाव असायचं आणि ठरावीक वर्षांनी छाप बदलायचा. १००३ मध्ये स्वेनने विल्टन जाळलं, तर तिथले नाणी पाडणारे जवळच्या सॅलिसबरीच्या डोंगरी कोटात जाऊन कामाला लागले. हे आपल्याला नाण्यांवरच्या नावांवरून कळतं. 'कुठेच काही चालत नव्हतं' या चित्राशी हे जुळत नाही.

खंडणीच्या आकड्यांचं काय? एका पौंडाच्या २४० पेनी. म्हणजे १००२ चे २४,००० पौंड म्हणजे ५७ लाख ६० हजार नाणी. या राजाची नाणी आज इंग्लंडपेक्षा स्कँडिनेव्हियात जास्त सापडतात, त्यामुळे पैसा तिकडे गेला यात शंका नाही. पण नेमका किती? १६, २४, ३६ : प्रत्येक आकडा आधीच्याच्या दीडपट. माझ्या डेटात असं आलं असतं तर गाईडनी भुवया उंचावल्या असत्या. १००७ चा आकडा एका प्रतीत ३६,००० आणि दुसरीत ३०,००० आहे. १९८० च्या दशकात लॉसन आणि गिलिंगहॅम या दोन इतिहासकारांत यावर चांगलीच जुंपली होती. लॉसन आकडे विश्वासार्ह मानतात, गिलिंगहॅम मानत नाहीत. दोघांचे लेख एकापाठोपाठ वाचा, वाद कसा घालावा हे कळेल.

आणि खंडणी देणं हाच गुन्हा असेल, तर ८७१ मध्ये आल्फ्रेडनेही शत्रूशी तह केला होता आणि तो पैसे मोजूनच झाला असं बहुतेक अभ्यासक मानतात. आल्फ्रेड ८७८ ची लढाई जिंकला, म्हणून त्याच्या तहाला आपण वेळ विकत घेणं म्हणतो. एथेलरेड हरला, म्हणून त्याचा भित्रेपणा. कृती तीच, नाव मात्र निकाल पाहून दिलेलं.

म्हणून राजा निर्दोष?

इथे थांबून एक धोका सांगते, कारण नव्या संशोधकांचा पाय इथेच घसरतो. जुनं मत एकांगी होतं हे सिद्ध झालं की उलटं मत आपोआप खरं ठरतं असं वाटायला लागतं. माझ्या पहिल्या मसुद्यात एथेलरेड 'गैरसमज झालेला चांगला राजा' झाला होता. सरांनी समासात एवढंच लिहिलं : '१३ नोव्हेंबर १००२?'

त्या दिवशी, सेंट ब्राइसच्या सणाला, एथेलरेडने इंग्लंडमधल्या डॅनिश पुरुषांना मारून टाकण्याचा हुकूम दिला. हे काही मागाहून रचलेलं कुभांड नाही. १००४ मध्ये ऑक्सफर्डच्या सेंट फ्रिड्सवाइड चर्चला दिलेल्या दानपत्रात राजाच्याच नावाने याचं वर्णन आहे. गव्हात उगवलेल्या तणासारखे हे लोक उपटायचे होते, ते जीव वाचवायला चर्चमध्ये घुसले, लोकांनी चर्चलाच आग लावली. आणि हे सगळं सांगितलं आहे ते चर्चचे जळालेले कागद नवे करून देण्याच्या निमित्ताने, पश्चात्तापाचा एक शब्दही न काढता. म्हणजे ज्या जातीच्या पुराव्याने आपण राजाला सोडवत होतो, त्याच पुराव्यात त्याचा सर्वांत काळा दिवस त्याच्याच तोंडून आला आहे.

२००८ मध्ये ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजच्या आवारात सुमारे ३५ तरुण पुरुषांचे सांगाडे मिळाले, अंगावर वार आणि भाजल्याच्या खुणा. बातम्यांनी लगेच १००२ शी गाठ मारली. पण मासे जास्त खाणाऱ्यांच्या हाडांत कार्बन डेटिंगचं वय खऱ्यापेक्षा जुनं येऊ शकतं, ती दुरुस्ती किती करायची यावर काळ हलतो. त्यामुळे अभ्यासक इथे जपून बोलतात. आपणही जपून बोलावं.

दानपत्रंही निष्पाप नाहीत. जी टिकली ती मठांनी आपल्या फायद्यासाठी जपलेली. ९९३ ची कबुली राजाच्या मनातली किती आणि मठाच्या लेखनिकाची किती? आणि साक्षीदार म्हणून नाव असणं म्हणजे हजेरी. मीटिंगला हजर असलेल्या प्रत्येकाचं म्हणणं ऐकलं जातं का, तुम्हीच सांगा.

तर माझं मत असं. क्रॉनिकलचा हा भाग पराभवानंतर पराभूतांना काय वाटत होतं याचा पहिल्या प्रतीचा पुरावा आहे, आणि त्या कामासाठी त्याला तोड नाही. पण ९९१ किंवा १००१ मध्ये राजापुढे कोणते पर्याय होते हे विचारायला गेलात तर तो तुम्हाला फसवेल. आणि एथेलरेडचं म्हणाल, तर त्याची कारकीर्द जन्मापासून बुडालेली नव्हती. १००२ ची कत्तल आणि १००६ नंतर निवडलेली माणसं, हे त्याचे स्वतःचे निर्णय होते. दोष द्यायचा तर तिथे, तारखेसकट द्यावा.

मग माझ्या वाक्याचं काय झालं?

मी कपाटातून सिनिअरच्या लॅब नोटबुक काढल्या. पाच होत्या, तारखांसकट. पहिल्या चौदा महिन्यांतले नमुने चांगले होते, तीन-तीनदा करून तेच निकाल आलेले. त्यानंतर गडबड सुरू होते. त्याच आठवड्यात तिने पेन्सिलने लिहिलंय : 'भट्टी दाखवते त्यापेक्षा तापमान कमी वाटतंय. कॅलिब्रेशनसाठी सांगितलं.' पुढे आणखी दोनदा तेच. कॅलिब्रेशन झाल्याची नोंद कुठेच नाही. मी आले तेव्हा भट्टी नवी होती.

तिचीही चूक आहे. शंका आल्यावरही पाच महिने ती त्याच भट्टीत तेच प्रयोग करत राहिली, एकही नमुना दुसरीकडे तापवून पाहिला नाही. तेही नोटबुकातच आहे.

आता माझ्या प्रकरणात एक तक्ता आहे : तिचे चौदा महिन्यांचे निकाल, तिच्या नावाने, माझ्या निकालांशेजारी. खाली दोन ओळी, कुठल्या तारखेनंतरचे नमुने घेतले नाहीत आणि का. गाईडनी वाचलं, क्षणभर गप्प बसले, आणि म्हणाले, 'तिला एक मेल कर.' केला. अजून उत्तर आलेलं नाही.

तुम्ही प्रवेशाच्या तयारीत असाल तर एक करून बघा. तुमच्या विषयात ज्याच्याबद्दल 'त्यात काही दम नव्हता' असं सगळे म्हणतात, असं एखादं जुनं काम शोधा. मग बघा, हे पहिल्यांदा कोणी म्हटलं, केव्हा म्हटलं, आणि तेव्हा त्या माणसाला निकाल माहीत होता का. त्यानंतर मूळ नोंद उघडा.